दहावी कांडी

सुध्या, तुझ्या शोकसभेत तीनदा हशा पिकला. तू असतास तर चौथा तूच पिकवला असतास.

पहिला तुझ्या मुख्याध्यापकांनी मिळवला. माईक हातात घेऊन, डोळे मिटून ते म्हणाले, "सुधाकर सर अत्यंत मितभाषी होते." मागच्या रांगेतून महादूकाकांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन? ह्यो?" महादूकाकांचं हळूच तुला ठाऊक आहे. उभा जन्म लूमच्या खडखडाटात, बिघडलेले माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून काढलेला माणूस. त्यांचं हळूच रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जातं. दुसरा हशा तुझ्या फोटोने मिळवला. घरात तुझा एकट्याचा फोटो सापडेना, म्हणून आपल्या नाटक मंडळातल्या शमीमने एका प्रयोगातला मोठा करून आणला. त्यात तू गलबताचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, झाला आहेस आणि तुझी डावीकडची मिशी सुटून लोंबते आहे. त्या मिशीसमोर एकेक जण हात जोडून, मान खाली घालून उभा राहत होता. मान खाली घालण्याचं खरं कारण काय, ते मी जाणतो.

तिसरा हशा माझा, आणि तो मला नको होता. मी बोलायला उभा राहिलो. म्हणालो, "मित्रहो, आज..." आणि अडकलो. मी! बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही माईक दिसला की ज्याचे पाय आपोआप तिकडे वळतात, तो मी. शब्दच येईना. मग सवयीने माझी मान डावीकडे वळली. सहा वर्षं डाव्या विंगेतून मला पुढचा शब्द मिळत आला आहे. लोकांनी मान वळलेली पाहिली आणि हसले. मी तसाच बघत राहिलो. मग हसणंही थांबलं.

तेव्हा लता उठली. बालवाडीची पोरं सांभाळून तिला सवय झाली आहे, कोणी रडायच्या बेतात असलं की ती ताबडतोब काम काढते. म्हणाली, "सर गेले. पण मंडळ चालायला हवं. मला वाटतं, दत्ताभाऊंनी आता कायमचं प्रमुख व्हावं. नुसते दिग्दर्शक नाही." टाळ्या पडल्या. शमीम ओरडला, "दत्तूभाई, हाँ बोलो!" आणि मी म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी सांगतो."

सगळे चकित झाले. लग्नात कोणी न विचारता मंगलाष्टकं म्हणायला उठणारा माणूस, आणि याला विचार करायला आठवडा हवा! त्यांना वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच. पण कारण वेगळं होतं, ते तुला माहीत होतं. तुला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं, इतकाच फरक.

आपली सुरुवात आठवते? आपल्या भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस आपल्या कामतघरच्या वस्तीत कोणी कोणाशी बोलत नाही, ओरडतं. शुक्रवारी अचानक एवढी शांतता पसरते की स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून माणूस दचकतो. तू म्हणालास, "दत्तू, या शांततेत नाटक बसवू या. आपल्या लोकांना माईक लागणार नाही." नऊ माणसं जमली. तू शाळेत इतिहास शिकवणारा, मी सहा लूमचा मालक आणि बाकी सगळ्याचा हौशी, महादूकाका, उत्तर प्रदेशातून विणकर म्हणून आलेला शमीम, लता, आणि आणखी चार जण.

आणि मग तू तो तुझा अफाट नियम काढलास. ज्या काळाचं नाटक, त्या काळाचा कारभार. म्हणजे नाटक राजाचं असेल तर मंडळही राजाने चालवायचं. नाटक सभेचं असेल तर मंडळात सभा. तू म्हणालास, "इतिहास पाठ करून कळत नाही. चार महिने अंगावर घालून बघितला की कळतो, कुठे काचतो ते."

पहिल्या वर्षी राजाचं नाटक. राजा कोण, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि मुकुट आला माझ्या डोक्यावर. तुझा चेहरा मी पाहिला होता. तू मला विदूषक लिहिला होतास. वर सांगायचास, "अरे, दरबारात खरं बोलायची मुभा एकट्या विदूषकाला. राजापेक्षा अवघड काम आहे ते." मला ते गोड बोलून दिलेला टोला वाटायचा. आता चिठ्ठीने न्याय केला होता.

चार महिने मी काय राज्य केलं! महादूकाकांच्या तंबाखूवर बंदी घातली. लताला आज्ञा, सगळ्यांचे फेटे तिनेच इस्त्री करायचे. शमीमला सांगितलं की सेनापतीने राजाशी बोलताना आधी मान झुकवायची, तालमीबाहेरसुद्धा. तो कामतघरच्या नाक्यावर रिक्षात बसलेला असतानाही मला बघून मान झुकवायचा, आणि रिक्षातले बाकीचे माझ्याकडे टकामका बघायचे. मला वाटायचं, काय दरारा आहे!

प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या अंकात मी सिंहासनावर बसून गरजलो, "कोण आहे रे तिकडे!"

कोणी नव्हतं.

मी पुन्हा गरजलो. शाळेच्या हॉलमध्ये चारशे माणसं. उजव्या विंगेत माझे पाच भालेवाले आणि सेनापती शमीम भाले टेकून, तंबाखू मळत, माझ्याकडे शांतपणे बघत उभे. संप! माझ्या राज्यात, भर दरबारात, संप! घामाने माझा रंग मानेवरून खाली उतरायला लागला. तेव्हा डाव्या विंगेतून तुझा आवाज आला, "नावानं हाक मार."

"काय?"

"नावानं. मान देऊन."

मी सिंहासनावरून उठलो. म्हणालो, "महादूकाका... या की हो." हॉलमध्ये हशा कोसळला. लोक बाकांवर थापा मारायला लागले. महादूकाका भाला घेऊन आत आले आणि चारशे माणसांसमोर म्हणाले, "आता कसा बोललास! चला रं, राजा सुदारला." मग एकेक जण आत आला, शमीम सगळ्यांत शेवटी, मान ताठ ठेवून.

नाटक गाजलं. वर्षभर लोक मला रस्त्यात "या की हो" म्हणायचे. तू त्यावर शाळेत अख्खा तास घेतलास म्हणे, अधिकार कुठून येतो यावर. आणि माझ्या मनात काय राहिलं? धडा नव्हे, सुध्या. अपमान. तू मला वाचवलंस आणि सगळ्यांनी ते पाहिलं, हा अपमान.

दुसऱ्या वर्षी गलबताचं नाटक. तांडेल कसा वागतो ते बघायला आपण खारबावला गेलो, खाडीवर. तिथल्या म्हाताऱ्याने आपल्याला दिवसभर होडीत बसवून एवढंच शिकवलं की पाण्यावर तांडेलाचा शब्द शेवटचा, आणि काठाला लागल्यावर जाळं धुवायला तांडेलही खाली बसतो. झालं. त्या वर्षी तालमीत तुझा शब्द शेवटचा आणि तालीम संपली की झाडू तुझ्या हातात. परत येताना तू सांगत होतास की गलबत असो, दरबार असो की सातवीचा वर्ग, प्रत्येक टोळीत एक पुढे उडी मारणारा असतो, एक शंका काढणारा, एक हसवणारा, एक कोण जेवलं नाही हे लक्षात ठेवणारा. यातला एक जरी कमी असला तरी टोळी बुडते. मी विचारलं, "आणि पुढारी?" तू म्हणालास, "तो यांच्यापैकीच कोणीतरी, पाळीपाळीने." मी म्हणालो, "म्हणजे कधीच कोणी नाही!" तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. तू मेलास म्हणून मी तो सोडणार नाही.

तिसऱ्या वर्षी तुझं लाडकं नाटक. गणसंघाचं. राजा नसलेलं राज्य. तुझ्या आजोबांपासून तुमच्या घरात या गोष्टी, भिक्षुसंघात मत घ्यायला लाकडाच्या शलाका कशा वाटत, त्या गोळा करणारा माणूस आवड, राग, अडाणीपणा आणि भीती या चौघांपासून लांबचा कसा असावा लागे. तू हे सांगायचास तेव्हा तुझे कान लाल व्हायचे. शलाका कुठून आणायच्या, हा प्रश्न शमीमने सोडवला. तो ज्या शेडमध्ये कामाला होता तिथून अठरा कांड्या आणल्या, लाल बुडाच्या. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती वीतभर लाकडी कांडी, तिच्यावर आडवं सूत गुंडाळतात. प्रत्येकाला दोन. सुताने भरलेली म्हणजे होय, रिकामी म्हणजे नाही. एक डब्यात टाकायची, दुसरी पोत्यात. मोजायच्या तू एकट्याने, विंगेत जाऊन.

आणि मग कारभार सुरू झाला, बाप रे! फेट्याचा रंग ठरवायला तीन शुक्रवार. चहा तालमीआधी की नंतर, यावर दोन. महादूकाका एकदा म्हणाले, "ह्या राज्यावर शत्रू चालून आला तर त्याला म्हनायला लागंल, बाबा बस, अजून कांड्या वाटल्या न्हाय." तू पोट धरून हसलास आणि म्हणालास, "अगदी बरोबर मुद्दा. यावर मत घेऊ."

मी याचाच फायदा घेतला. एकेकाला चहाला नेलं. म्हणालो, सुध्या नाटक बसवत नाही, सभा भरवतो. पहिला अंकच उभा राहिलेला नाही, प्रयोगाला दीड महिना उरलाय. दिग्दर्शक बदला. खरं होतं थोडं. खोटं त्याच्या दुप्पट. मग शुक्रवारी मी उभा राहून प्रश्न मांडला, "सुधाकरने दिग्दर्शक राहावं का? मत घ्या."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "रीतसर प्रश्न आहे. कांड्या वाट, शमीम."

लता म्हणाली, "सर, मत तुमच्यावरच आहे. मग तुम्ही कसे मोजणार?"

"तर कोन मोजंल? दत्तू?" महादूकाका म्हणाले. त्यावर सगळे हसले. आणि मी, मोठ्या मनाने, म्हणालो, "सुध्याच मोजेल. त्याच्यावर कोणाचा अविश्वास नाही."

माझा हिशेब पक्का होता. चार जण माझ्याकडे, मी धरून. पाच तुझ्याकडे, तू धरून. एक कमी पडत होती. म्हणून मी घरून निघताना माझ्या शेडमधली एक रिकामी कांडी सदऱ्याच्या बाहीत घातली होती. डब्यात हात घातला आणि दोन सोडल्या.

गणिताने मला शाळेत दोनदा पाडलं, तिसऱ्यांदा तिथे. तू डबा उचलून विंगेत गेलास आणि तेव्हा, सुध्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माणसं नऊ आहेत आणि कांड्या दहा निघणार. पाच रिकाम्या, पाच भरलेल्या. आता हा बाहेर येऊन विचारणार, दहावी कोणाची? मी दरवाजा किती पावलांवर आहे ते बघून ठेवलं. लताकडे बघून हसलो. ती हसली नाही.

तू आलास. म्हणालास, "पाच रिकाम्या. चार भरलेल्या. नऊ."

आणि त्याच दमात, "बरं, मग प्रॉम्प्टिंग कोण करतंय?" आणि संहिता उचलून डाव्या विंगेत, त्या डगमगत्या स्टुलावर जाऊन बसलास. बसलास तो सहा वर्षं.

एक भरलेली कांडी कुठे गेली, याचं उत्तर मी दोन दिवसांत तयार केलं. महादूकाकांना तेव्हा डुलकी लागली असणार. त्यांनी टाकलीच नसणार. एवढ्या लहानशा उत्तरावर मी सहा वर्षं झोपलो, आणि चांगली झोप लागली, खोटं कशाला सांगू?

तू प्रॉम्प्टर म्हणजे काय होतास! मी अडलो की शब्द यायचा, पण कधीकधी तो संहितेत नसायचाच. त्याहून चांगला असायचा. मी तो बेलाशक म्हणायचो आणि टाळी घ्यायचो. तालमीनंतर तू माझ्या शेडवर यायचास, कागद पुढे सरकवून म्हणायचास, "तुला सुचलं असेलच, पण..." मला कधी काही सुचलेलं नसायचं. गणेशपुरीला प्रयोग होता तेव्हा दुपारी आपण कुंडावर जाऊन बसलो. पाय गरम पाण्यात, डोकी त्याहून गरम. मी म्हणालो, "पुढारी एकच लागतो. नऊ जण स्टिअरिंगला बसले तर एसटी डेपोतच राहील."

तू म्हणालास, "आणि ड्रायव्हर रस्ता चुकला तर मागून कोण ओरडणार?"

"कंडक्टर."

"म्हणजे दोन झाले."

"कंडक्टर ओरडतो, चालवत नाही!"

"मग घंटी कोणाच्या हातात असते रे?"

आसपासचे दर्शनाला आलेले लोक अंघोळ सोडून आपल्याकडे बघायला लागले. एका आजोबांनी तर मध्ये पडून सांगितलं की त्यांच्या काळी एसटीला दोनच माणसं असायची आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. तो मुद्दा तू वहीत लिहून घेतलास.

शेवटच्या वेळी मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. तुला धाप लागत होती म्हणून मी बोलत होतो, आणि बोलता बोलता घसा साफ करून म्हणालो, "सुध्या, त्या मताच्या दिवशी..." तू हात वर केलास. म्हणालास, "यंदा शेवट बदल. तुला शेवट जमत नाहीत. पडदा पडला तरी बोलत असतोस." मी हसलो आणि गप्प बसलो. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू.

शोकसभेनंतरच्या बुधवारी मी तुझ्या घरी गेलो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झालेला, पाहुणे गेलेले. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भावजी. प्रमुख होणार म्हणे."

"वहिनी, मी त्या लायकीचा नाही."

"ते आम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. ताट बाजूला ठेवून चहाला उठल्या. मला वाटलं थट्टा. मग स्टोव्हकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या मताच्या दिवशी हे घरी आले आणि चप्पल न काढता पलंगावर बसले. यांनी असं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं. विचारलं, काय झालं? तर म्हणाले, माझंच मत खिशात घालून आलोय."

मी ते तांदळाचं ताट पुढ्यात ओढून घेतलं.

"म्हणाले, नऊ लाल बुडाच्या निघाल्या आणि एक हिरव्या बुडाची."

हिरव्या बुडाची! सुध्या, अख्ख्या कामतघरात कांड्यांची बुडं हिरवी रंगवतो एकच माणूस, दुसऱ्यांच्या कांड्यांत मिसळून चोरीला जाऊ नयेत म्हणून. तो माणूस सहा वर्षं त्या घरी चहा पीत होता.

"मी म्हटलं, मग सांगायचं ना सगळ्यांना! तर म्हणाले, दहा निघाल्या म्हटलं असतं तर पुढच्या शुक्रवारी कोणी आलं नसतं. प्रत्येकाने प्रत्येकाची बाही तपासली असती."

मी विचारलं, "वहिनी, त्याला नकोच असेल नाही ते दिग्दर्शन? कंटाळला असेल?" किती आशेने विचारलं मी! त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हवं होतं, भावजी. फार हवं होतं. ते नाटक त्यांनी चार वर्षं मनात लिहिलं होतं."

"आणि तुम्ही मला चहा देत राहिलात?"

"यांनी सांगितलं होतं ना. पण तुम्ही कधी बघितलं नाही, साखर मी कमी घालायचे."

मी खूप वेळ तुझ्या अंगणात उभा होतो. रडलो, ते राहू दे. पण रडून झाल्यावर मला तुझा राग आला. चांगला सणसणीत. ऐक, आता माझी पाळी आहे आणि तुला मध्ये बोलता येणार नाही, अशी संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आहे.

मी चोर, कबूल. पण मोजणारा माणूस स्वतःचं मत खिशात घालून खोटा आकडा सांगतो, तो कोण? आवड, राग, अडाणीपणा, भीती, चौघांपासून लांब ना? भीती वाटली तुला, मंडळ मोडेल याची. आणि आवड होती, माझी. नऊ जणांचा निर्णय त्या अंधाऱ्या विंगेत तू एकट्याने घेतलास. कोणाला विचारलं नाहीस, कांड्या वाटल्या नाहीस. गणसंघाच्या वर्षी, राजा नसलेल्या राज्यात, एक शेवटचा शब्द एका माणसाने परस्पर उच्चारला, आणि तो मी नव्हतो. मी मुकुट घालून चार महिने ओरडलो, तरी पाच भालेवाले हलले नाहीत. तू एक वाक्य बोललास आणि सहा वर्षं सगळे त्या वाक्यात राहिलो. सांग बघू, आपल्यातला राजा कोण होता? वाद मी जिंकलो आहे, सुध्या. पुढारी एकच लागतो. आणि जिंकून हातात काय आलं ते मला कळत नाही.

काल शुक्रवार होता. सगळे जमले. तुझं स्टूल डाव्या विंगेत तसंच होतं, कोणी हलवलं नव्हतं. लताने वही उघडली आणि म्हणाली, "बोला दत्ताभाऊ. हो ना?"

मी सांगितलं. सगळं. बाही, हिरवं बूड, पाच-चार. मला नाट्यमय सांगता आलं असतं, येतं मला ते. पण मी सातवीतल्या पोराने कविता म्हणावी तसं, हात मागे बांधून, एका सुरात सांगितलं.

शमीम पहिल्यांदा बोलला. "मतलब सर जीते थे?"

"हो."

"और आप छह साल डायरेक्टर?"

"हो."

तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. महादूकाका म्हणाले, "मी रिकामी टाकली व्हती, दत्तू. खरी रिकामी. फेट्याच्या रंगापायी माजं गुडघं गेलं व्हतं. मना वाटायचं, सर माज्यामुळं हरलं." मग स्वतःशीच म्हणाले, "सा वर्सं त्येला कधी तोंड वर करून इचारलं न्हाय, चहा घेतला का."

पण लता, सुध्या. लताचं मला माहीत नव्हतं. ती वही मिटून म्हणाली, "माझी भरलेली होती. मला वाटायचं, आपल्यातल्या पाच जणांना सर नको झाले होते. कोण पाच, ते कळेना. म्हणून मी कोणाशीच नीट बोलले नाही. सरांशीही नाही. त्यांना वाटलं असेल, मीही त्यातलीच. त्यांना सांगायचं होतं मला. आता कोणाला सांगू?"

बघ. मंडळ मोडू नये म्हणून तू गप्प बसलास, आणि तिच्यापुरतं ते त्या दिवशीच मोडलं होतं. तिचं ते वाक्य माझ्या वाट्याचं आहे, तसं थोडं तुझ्याही. तुझ्या वाट्याचं मी तुला पोचवलं. लता तुझ्या बाजूची होती. ऐकलंस?

मी म्हणालो, "मी मंडळ सोडतो," आणि दाराकडे वळलो. एक्झिट चांगली जमली होती.

"थांबा," लता म्हणाली. "सुटलात असं वाटतं का? नाटक अर्धं बसलंय. ते कोण पुरं करणार? दिग्दर्शन तुम्हीच करायचं." मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं. "पण यांना मत नाही. कशावरच नाही. चहा कधी, यावरसुद्धा नाही."

"किती दिवस?" महादूकाकांनी विचारलं.

"आपला विश्वास बसेपर्यंत. तो बसला का, तेही आपणच ठरवायचं, मत घेऊन."

काम करायचं, सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, आणि मत नाही! तुझ्या वहीत राजे आहेत, तांडेल आहेत, गणप्रमुख आहेत. असा पुढारी कुठल्या काळात होऊन गेला का रे? मी विदूषकाच्या पानापासून शोधायला लागेन म्हणतो.

"कांड्या नकोत," लता म्हणाली. "सगळ्यांना दिसेल असं. कोणाचं होय?"

हात वर झाले. महादूकाकांचा, खिडकीपासून न वळता शमीमचा, बाकीच्यांचे. आणि सवयीने माझाही.

"खाली," लता म्हणाली.

मी हात खाली घेतला. आणि मग मोजले, एकेक करून, दोनदा. सात होते.